पटापलीकडे कोण?

३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडची अंतिम लढत भारत आणि रशिया यांच्यात झाली. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता आणि संघात नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुखही होती. नांदेडला घरी बसून मी ती लढत पाहत होतो. पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्यात निहाल सरीन आणि दिव्या यांचा संपर्क तुटला. घड्याळे चालूच राहिली आणि वेळ संपून दोघेही हरले. भारताने दाद मागितली. इंटरनेटचा बिघाड जगभर झाला होता, हे पाहून जागतिक महासंघाने दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले.

त्या दिवशी वाद झाला तो तुटलेल्या संपर्काचा. पण ऑनलाइन स्पर्धा भरवणाऱ्याला खरी धास्ती वेगळीच असते. पटापलीकडे बसलेला खेळाडू एकटाच खेळतो आहे, की त्याच्या कानाशी एखादा प्रोग्रॅम आहे? या संशयाचा इतिहास मात्र उलट्या बाजूने सुरू होतो. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोव्हला ३.५-२.५ असे हरवले. तेव्हा कास्पारोव्हला संशय होता तो यंत्राला माणसाची मदत मिळाल्याचा. त्याने यंत्राच्या नोंदी मागितल्या, परतीचा सामनाही मागितला. तो सामना कधीच झाला नाही.

त्या पराभवानंतर अमेरिकेतले भारतीय वंशाचे अभियंते ओमर सय्यद यांनी एक नवा खेळ रचला. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला कळावा, पण संगणकाला जड जावा, अशी त्यांची अट होती. मुलाचे नाव आमिर. ते रोमन लिपीत उलटे लिहून आधी एक ‘ए’ जोडला की ‘अरीमा’ होते. पट बुद्धिबळाचाच. आपले हत्ती, उंट, घोडे तिथेही आहेत, शिवाय कुत्री, मांजरे आणि ससे. आपला ससा पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचवला की जिंकलो. सोंगट्या कशा मांडायच्या हे खेळाडूच ठरवतो, त्यामुळे पाठ केलेली सुरुवात कामाला येत नाही. एका पाळीत चार पावले टाकता येतात. बुद्धिबळात एका वेळी सरासरी पस्तीसेक खेळ्या शक्य असतात, इथे सुमारे सतरा हजार.

सय्यद यांनी दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले. त्याची मुदत २०२० पर्यंत होती. माणूस विरुद्ध प्रोग्रॅम अशा लढती दरवर्षी इंटरनेटवर होत. अटी आधीच जाहीर होत्या. यंत्र बाजारात मिळणारे साधेच हवे, आणि तीन अव्वल खेळाडूंपैकी प्रत्येकाला तीन डावांच्या लढतीत हरवले पाहिजे. २००४ साली स्वतः सय्यद ‘बॉम्ब’ या प्रोग्रॅमविरुद्ध ८-० असे जिंकले. २०१५ मध्ये डेव्हिड वू यांच्या ‘शार्प’ने ७-२ अशा गुणांनी बक्षीस नेले. अटी सर्वांना आधीपासून ठाऊक होत्या, म्हणून माणसाची ही हार वादात सापडली नाही.

आमच्याकडे मात्र तसे झाले नाही. टाळेबंदीत आम्ही काही जणांनी नांदेड-लातूरच्या मुलांसाठी दर रविवारी ऑनलाइन स्पर्धा सुरू केली. पंच मीच होतो. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मुलाने भल्या खेळाडूला हरवले. मी तो डाव प्रोग्रॅममध्ये घालून पाहिला. तीस खेळ्यांपैकी चोवीस जुळल्या. मी त्याला बाद केले. संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला, “सर, घरात एकच मोबाईल हाय. त्याच्यावर खेळावं का त्याच्यात बघावं?”

एकच मोबाईल असणे हा काही पुरावा नव्हे. तरी मी डाव पुन्हा उघडला. पहिल्या बारा खेळ्या कोणत्याही पुस्तकात सापडणाऱ्या होत्या आणि त्याने त्या पाठ केल्या होत्या. पुढच्या सहा ठिकाणी मारलेली सोंगटी परत मारण्यावाचून गत्यंतर नव्हते. उरलेल्या बारांत सहाच जुळत होत्या. एवढ्या कोणत्याही बऱ्या खेळाडूच्या जुळतात.

मी वडिलांना फोन करून चूक कबूल केली आणि गुण परत दिला. महासंघाजवळ द्यायला दुसरे सुवर्णपदक होते. आमची अंतिम फेरी मात्र तोवर होऊन गेली होती. तो मुलगा पुन्हा आमच्या स्पर्धेत उतरला नाही.

त्यानंतर मी नियम लिहून काढले. पाठ सुरुवात मोजायची नाही. एकाच डावावरून कुणाला बाद करायचे नाही. निकाल देण्याआधी खेळाडूला त्याच्या खेळ्यांमागचा विचार विचारायचा. दर रविवारी डाव सुरू होण्याआधी आम्ही ते मुलांना वाचून दाखवतो.