मूल, भिंत आणि सारवण

१९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह सुरू झालं. त्यासाठी जागा दिली ती तिथल्या पडक्या चाळी दुरुस्त करून भाड्यानं देणाऱ्या एका संस्थेनं, आणि तिला काळजी होती भिंतींची. आईबाप सकाळीच कामावर जात. शाळेच्या वयाची न झालेली मुलं जिन्यांतून मोकाट हिंडत आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंती खराब करत. त्या सगळ्यांना एका खोलीत आणलं तर डागडुजीचा खर्च वाचेल आणि त्यातच खोलीचा खर्च भागेल, असा सरळ हिशोब होता. माँटेसरींनी स्वतःच तो नोंदवून ठेवला आहे. त्यांच्या शिकवणीबद्दल आपण खूप ऐकतो, पण हा भिंतींचा हिशोब सहसा कुणी सांगत नाही. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. मूल आणि भिंत यांचा वाद माझ्या घरात सुरू झालेला नाही, आणि त्या वादातून जगाला काही चांगल्या गोष्टी मिळाल्या आहेत, याचा तो लेखी पुरावा आहे.

मी डोंबिवलीला राहते आणि मुंबईत बँकेत नोकरी करते. घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. घर भाड्याचं आहे आणि हॉलच्या भिंतीला डिस्टेंपर आहे. मेणखडू म्हणजे पॅराफिन मेण आणि रंगाची पूड. मेण पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे ओलं फडकं घासलं की खडू जागच्या जागी राहतो आणि डिस्टेंपर फडक्यावर येतो. खोबरेल तेलाचा बोळा फिरवला तर मेण सुटतं, पण तेलाचा डाग बसतो. मग त्यावर भांड्याच्या साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे हेअर ड्रायरनं मेण गरम करायचं आणि ते वितळू लागलं की टिश्यू पेपरनं टिपून घ्यायचं, घासायचं नाही. ऑइल पेस्टल याहून चिवट. त्यातलं तेल वाळणारं नसतंच, म्हणून महिन्याभरानंतरही भिंतीला हात टेकला की तळवा निळा होतो. स्केचपेनमध्ये पूड नसते, पाण्यात विरघळलेला रंग असतो, आणि तो थेट कापडाच्या धाग्यात शिरतो. हे सगळं कुकरच्या शिट्या मोजत करायचं असतं. माझ्यासारख्या कितीतरी आया हेच करत असतील, आणि आपल्यात चिकाटी कमी आहे असं स्वतःला बजावत असतील. मला ते खरं वाटत नाही. पसारा वाढलेला नाही, तो सोसणारी भिंत आणि जमीन घरातून गेली आहे.

माझ्या आजीचं घर चिपळूणजवळ होतं. भिंती मातीच्या, खाली गेरूचा पट्टा, जमीन शेणानं सारवलेली. मुलांनी चुलीतला कोळसा घेऊन ओटीच्या भिंतीवर बैल काढला, तर त्यासाठी वेगळं काही करावं लागत नसे. सणाआधी घर सारवायचंच असे. शेणाचा गोळा पाण्यात कालवून हाताच्या पंजानं अर्धवर्तुळं काढत आजी मागं मागं सरकायची, आणि तिच्यापुढे कोरी जमीन तयार होत जायची. भिंतीला पांढऱ्या मातीचा हात दिला की बैल आत गेला. पुसणं हे वेगळं काम नव्हतंच, ते घराच्या निगराणीत जिरलेलं होतं. शाळेत दगडी पाटी आणि पाटीवरची पेन्सिल. ओल्या फडक्यानं, नाहीतर मास्तरांची पाठ वळताच थुंकीनं पुसली की पाटी पुन्हा काळी. डहाणूकडे वारली घरांत तर भिंतीवर काढणं हा मान होता. लग्नात सवाशिणी शेणमातीनं नव्यानं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. ती भिंत लिहिण्यासाठी तयार केली जाते, आणि वेळ झाली की पुन्हा सारवून घेतली जाते.

शाळेतली चित्रकला मात्र स्वच्छतेच्या बाजूची होती. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, आणि ब्रिटिशांनी आणलेल्या पद्धतीत आधी रेघ, मग नक्षी, मग समोरच्या वस्तूची हुबेहूब नक्कल हा क्रम होता. आपल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा त्याच कुळातल्या. मी दोन्ही दिल्या आहेत. संकल्पचित्रात रंगाचा सपाट हात द्यायचा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कुठं डाग नको, रेघेबाहेर थेंब नको. त्या शिस्तीनं मला नजर दिली, हे मी मानते. पण तीन वर्षांच्या मुलाला त्या शिस्तीत बसवता येत नाही. लहान मुलानं स्वतःच्या मनातलं काढावं, हा विचार जगात उशिरा आला, आणि पसारा त्याच्याबरोबर आला.

तो विचार मांडणाऱ्यांत फ्रान्झ चिझेक आघाडीवर होते. तरुणपणी ते व्हिएन्नात एका सुताराच्या घरी राहायचे. समोरच्या फळ्यांच्या कुंपणावर मुलं चित्रं काढत, एकमेकांची पुसत, जागेसाठी भांडत, आणि चिझेक ते खिडकीतून बघत. ही चित्रं वर्गातल्या नकलांपेक्षा जिवंत आहेत, हे त्यांनी ओळखलं, आणि १८९७ साली मुलांसाठी वेगळा वर्ग काढला. मुलांच्या कामाला त्यांनी कला म्हटलं. त्याआधी तिला कुणी नाव दिलंच असेल, तर नासधूस.

जपानची हकीकत मला याहून आवडते, कारण तिच्या शेवटी एक वस्तू आहे आणि ती माझ्या घरात आहे. यामामोतो कानाए हे ठसाचित्रं करणारे कलावंत. युरोपातून परतताना १९१६ साली ते मॉस्कोत थांबले, आणि तिथं मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन पाहून हेलावून गेले. जपानी शाळांत तेव्हा सरकारी चित्रपुस्तकातली चित्रं गिरवायची पद्धत होती. यामामोतोंनी १९१९ साली नागानो प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं, आणि मुक्त चित्रांची चळवळ देशभर पसरली. मग प्रश्न आला साधनांचा. पेन्सिलीत रंग नाही. मेणखडू कडक आणि गुळगुळीत, त्यात रंगावर रंग बसत नाही. कोरडे पेस्टल खडू बसतात, पण बोट लागलं की उडतात. १९२५ साली ओसाकाच्या साकुरा कंपनीनं मेण आणि तेल एकत्र करून नवा खडू काढला. ऑइल पेस्टल म्हणतात तो हाच. सुरुवातीला तो थंडीत दगडासारखा व्हायचा आणि उन्हाळ्यात पाघळायचा, म्हणून काही काळ उन्हाळ्याचे खडू वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे विकावे लागले. माझ्या भिंतीवर जो निळा डाग महिनाभर ओला राहतो, त्यातलं न वाळणारं तेल हे असं मुलांना मोकळं करण्यासाठी आलं. मुलाला कमी जोरात दाट रंग मिळावा, दोन रंग बोटानं मिसळता यावेत, म्हणून ते त्यात आहे. हे समजल्यापासून तो डाग पुसताना माझी चिडचिड खरोखर कमी होते.

अमेरिकेत गोष्ट व्यापाऱ्यांकडून सुरू झाली. बिनी अँड स्मिथ ही कंपनी काजळी आणि धान्याच्या कोठारांना लावायचा लाल रंग विकायची. पुढे शाळांसाठी पाटीवरच्या पेन्सिली आणि धूळ न उडणारा खडू काढला, आणि १९०३ साली आठ मेणखडूंची पेटी पाच सेंटला बाजारात आणली. तीच क्रेयोला. स्वस्त, बिनविषारी, हाताला न लागणारी. आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईचा कारखाना काढला आणि पुढे त्यातून उंटाच्या छापाचे रंग आले. मराठी घरांत रंगपेटी म्हटलं की अजूनही तोच उंट डोळ्यांपुढे येतो.

रोममध्येच मुलांची शाळा चालवणाऱ्या रूथ फेसन शॉ या अमेरिकन बाईंनी जे केलं, त्याला मी मनापासून दाद देते. एका मुलाचं बोट कापलं. त्याला आयोडीन लावायला न्हाणीघरात पाठवलं, तर तो बराच वेळ येईना. जाऊन बघितलं तर आयोडीननं भिंत रंगवणं चाललेलं. मुलांना हातानंच रंग फासायचा असतो, ब्रश मध्ये येतो, हे तिथं त्यांच्या लक्षात आलं. पोटात गेला तरी अपाय होणार नाही आणि पाण्यानं सहज निघेल, असा हातानं फासायचा रंग त्यांनी बऱ्याच खटपटी करून तयार केला आणि १९३४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. भिंत खराब झाली म्हणून आपण ओरडतो. त्यांनी ती भिंत वाचली. माझ्याकडून हे रोज होत नाही, आणि आठ वाजता घरी येणाऱ्या कुठल्याच आईकडून ते रोज व्हावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. शॉबाईंना निदान ते बघायला अख्खी सकाळ होती.

सिनसिनाटीत कुटोल नावाची कंपनी कणकेसारखा एक गोळा बनवायची. कोळशाच्या शेगड्यांमुळे भिंतीवरच्या कागदावर काजळी धरायची, आणि त्या कागदाला पाणी चालत नसे, म्हणून हा गोळा त्यावरून फिरवून काजळी उचलायची. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं तेल आणि गॅसवर गेली, धुता येणारे प्लास्टिकचे भिंतीकागद आले, आणि कंपनी बुडायला आली. मालकाच्या नात्यातल्या के झुफॉल बालवर्ग चालवायच्या. त्यांनी तो गोळा मुलांच्या हातात देऊन पाहिला. नेहमीच्या मातीपेक्षा तो मऊ होता. १९५६ च्या सुमारास तोच गोळा प्ले-डो म्हणून दुकानांत आला. १९८० नंतर धुऊन जाणारे स्केचपेन आले. त्यांतला रंग धाग्याला घट्ट धरून बसत नाही, साध्या धुण्यात निघतो. म्हणजे पुसण्याचं काम आता कारखान्यातच रंगाच्या आत घालून मिळतं. ज्यांना हे महागडे रंग परवडतात त्यांनी जरूर घ्यावेत. आपल्या गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ते बहुतेक तसले नसतात.

आणि आपल्याकडे कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरींची साधनं सुंदर होती, पण आदिवासी पाड्यांना ती परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे, माती हीच साधनं केली. झाडणं, पुसणं, हात धुणं हा माँटेसरींचाच धडा. तो तिथं शिक्षणात बसला, शिक्षेत नव्हे. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, तिची अंगणवाडी झाली. पाड्यावरच्या सारवलेल्या जमिनीवर बसून मुलं शिकली. १९७५ साली केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास योजना आणली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. मुलांच्या मळलेल्या हातांना जागा कुठं द्यायची, याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आमच्या इमारतीला अंगण नाही, गच्ची आहे. गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत मी पाण्याच्या टाकीखालची भिंत मुलांसाठी मागितली. गळतीचा मुद्दा निघाला, वॉटरप्रूफिंगचा निघाला, शेवटी एका बाजूची भिंत मिळाली. तिला चुना दिला, कारण चुना स्वस्त आहे आणि कितीही वेळा देता येतो. खाली हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या गेरूचा पट्टा ओढला. रविवारी सकाळी मुलं कोळसा, खडू आणि पाण्यात कालवलेला गेरू घेऊन वर जातात. आमच्या मुलीनं पहिल्याच दिवशी टाकीएवढी मांजर काढली आणि तिच्या शेपटीवर भावानं दोन्ही हात फासले. दिवाळीआधी नवा हात द्यायचा आहे. चुना मोठी माणसंच लावतील, तो कातडीला भाजतो. गेरूचा पट्टा मुलांकडे दिला आहे, आणि कुंचले कुणी आणायचे यावर सध्या दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचं बोलणं चालू आहे.