उंबरठा नसलेले घर

घर माणसाला आसरा देते, तसे ते अडवतेही. धडधाकट माणसाच्या हे ध्यानात येत नाही. पाय गेले, की परवाची पायरी आज भिंत होऊन उभी राहते.

अमेरिकेच्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना हा अनुभव १९२१ साली आला. वयाच्या ३९ व्या वर्षी दुखण्याने त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. निदान पोलिओचे झाले. हडसन नदीकाठी हाइड पार्क येथे 'स्प्रिंगवूड' हे त्यांचे वडिलोपार्जित घर होते. घर प्रशस्त खरे. पण त्या काळच्या अवजड चाकाच्या खुर्च्या अशा घरात वळायच्या कशा? रूझवेल्ट यांनी स्वयंपाकघरातल्या साध्या, बिनहातांच्या खुर्चीलाच चाके बसवून घेतली. माडीवर जायला सामानाच्या पेट्या चढवण्याची जुनी लिफ्ट होती. तीत बसून ते स्वतःच्या हातांनी दोर ओढत वर जात. विजेची लिफ्ट त्यांनी घेतली नाही; आग लागून वीज गेली तर मध्येच अडकू, ही धास्ती! चार वेळा अध्यक्ष म्हणून निवडून आलेला हा माणूस स्वतःच्या घरात पेटीच्या वाटेने वर चढे.

स्प्रिंगवूडमध्ये माणसाने घराशी जुळवून घेतले. 'टॉप कॉटेज'मध्ये घराने माणसाशी घेतले. अध्यक्षपदी असतानाच, १९३८-३९ मध्ये, त्यांनी हे छोटे दगडी घर जवळच्या टेकडीवर बांधले. वास्तुशिल्पी हेन्री टूम्ब्स. कल्पना मात्र रूझवेल्ट यांची. तळमजल्यावर पायरी नाही, दारांना उंबरठा नाही. खिडक्या इतक्या खाली, की बसल्या जागेवरून बाहेरचे दिसावे. चाकाच्या खुर्चीतले आपले छायाचित्र ते सहसा काढू देत नसत. जी मोजकी आहेत, त्यांतले एक १९४१ साली इथे काढलेले आहे. निवृत्तीनंतर इथे राहण्याचा बेत मात्र तडीस गेला नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी, अध्यक्षपदी असतानाच, ते वारले.

रूझवेल्ट यांच्यापाशी टेकडी होती, पैसा होता. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, त्याने काय करावे? ब्रिटनमध्ये खासदार आल्फ मॉरिस यांच्या पुढाकाराने १९७० साली कायदा झाला. अपंगाला गरज असल्यास त्याच्या घरात फेरफार करण्यास साहाय्य देणे, हे त्याने स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. कठडा किंवा उतार ही कुणाची मेहेरबानी राहिली नाही.

पाय तर एक दिवस सर्वांचेच थकतात. घर बांधतानाच दार चार बोटे रुंद ठेवले, तर पुढे भिंत फोडावी लागत नाही.