माईक नव्हता तेव्हा गळा कसा घडायचा? केशवराव, बालगंधर्व, दीनानाथ आणि तुकडोजी महाराज

मी आवाजाच्या इतिहासावर पीएचडी करतेय असं सांगितलं, की आमच्या केळापूर-पांढरकवड्याकडची माणसं हमखास एकच प्रश्न विचारतात: "जुने लोक बिना माईकचे एवढे वर कसे गात होते बाप्पा?" प्रश्न साधा वाटतो, पण माझ्या संशोधनाचा अर्धा भाग त्यातच आहे. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करते. शेवटी तुमच्या गावच्या भजनी मंडळापर्यंत येऊ, कारण खरी अडचण आज तिथं आहे.

आधी प्रसंग लक्षात घ्या. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन कंपन्या एकत्र आल्या. भामिनी होते बालगंधर्व आणि धैर्यधर होते केशवराव भोसले. अभ्यासकाच्या नजरेनं पाहिलं तर हा फक्त दोन लोकप्रिय नटांचा सामना नव्हता. दोन वेगळ्या तालमींतून आलेले दोन गळे एकाच रात्री, एकाच रंगमंचावर, एकाच प्रेक्षकांसमोर, माईकशिवाय गात होते. तुलनेसाठी याहून चांगली संधी कुठली?

मग कुणी म्हणेल, तबकड्या ऐका ना, विषय संपला. तिथंच तर गोची आहे. साधारण 1925 पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यातून व्हायचं. गायक भोंग्यापुढे गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणावर रेघ ओढायची. या पद्धतीत साधारण 2500 हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा उमटत नसे. आता दुसरी बाजू पाहा. स्वीडनचे अभ्यासक योहान सुंदबर्ग यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं, की ऑपेरा गायकाचा आवाज मोठ्या वाद्यवृंदातूनही ऐकू येतो, कारण त्याच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या आसपास जास्तीची ताकद एकवटलेली असते. वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या आसपास असतो, वर जागा रिकामी असते, आणि गायक त्या रिकाम्या जागेतून निसटून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. आपण आवाजाला 'धार' आहे म्हणतो, ती बरीचशी हीच.

म्हणजे बघा, धार जिथं असते नेमका तोच पट्टा जुन्या तबकडीनं टिपलेला नाही. केशवराव 4 ऑक्टोबर 1921 ला गेले, संयुक्त मानापमाननंतर तीन महिन्यांच्या आत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. विद्युत ध्वनिमुद्रण त्यांच्या वाट्याला आलंच नाही. बालगंधर्व आणि दीनानाथ पुढच्या काळातही गायले. त्यामुळे तबकड्या शेजारी ठेवून "केशवरावांचा आवाज पातळ वाटतो" असं म्हटलं, तर आपण गळ्याबद्दल नाही, भोंग्याबद्दल बोलत असतो.

पट्टीचंही तसंच. जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या 78 च्या वेगानं मुद्रित झालेल्या नाहीत. 74 फेऱ्यांना मुद्रित झालेली तबकडी आपण 78 ला वाजवली, तर आवाज पाच टक्क्यांहून थोडा जास्त चढतो. म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर वर. इंटरनेटवर चढवलेलं गाणं ऐकून "अमक्याची पट्टी काळी दोन होती" असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून जरा जपून राहा.

म्हणून मी तबकडीच्या जोडीला तालीम पाहते. गळा कुणी, कोणत्या वयात, कसा घडवला?

पहिला फरक वयाचा. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, यांचा जन्म 1888 चा. किर्लोस्कर मंडळीत ते आले 1905 ला, सतराव्या वर्षी. म्हणजे मुलग्याचा आवाज फुटण्याचं वय उलटून गेल्यावर. केशवराव मात्र लहानपणापासूनच कंपनीत वाढले. 'शारदा' नाटकातली शारदा त्यांनी पोरवयातच गाजवली. आवाज फुटतो तेव्हा स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि काल सहज लागणारा स्वर आज दगा देतो. कंपनीतल्या पोराच्या दृष्टीनं हा पोटापाण्याचा प्रश्न होता. बरीच पोरं तिथंच मागं पडत. केशवराव त्या खिंडीतून पार झाले आणि 1908 ला त्यांनी हुबळीत स्वतःची ललितकलादर्श काढली.

दुसरा फरक गुरूचा. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले. त्यांनी स्वतः फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन वेगवेगळ्या वळणांच्या उस्तादांकडून विद्या घेतली होती. 1916 च्या 'स्वयंवर'चं संगीत त्यांचंच. त्या पदांत गायकाला एकदम वर नेऊन सोडलेलं नाही. स्वर हळूहळू चढतो, मधे श्वासाला जागा आहे, ताना छोट्या आणि जागच्या जागी आहेत. बालगंधर्व स्त्री-भूमिका करायचे, पण बायकी आवाज काढून गात नसत. आवाज त्यांचा स्वतःचाच, फक्त त्यावर जोर कमी आणि गोलाई जास्त.

केशवराव आणि दीनानाथ मंगेशकर या दोघांना रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम मिळाली. आता इथं थांबून विचार करा. गुरू एकच, तरी गळे दोन तऱ्हांचे. केशवरावांची ख्याती पल्लेदार, भरघोस आवाजाची. दीनानाथांची ख्याती वीज चमकावी तशा तानेची, मंद्रातून एकदम तार सप्तकात उडी घेण्याची आणि पंजाबी अंगाच्या हरकतींची. दीनानाथांनी वझेबुवांच्या आधी गोव्यात बाबा माशेलकरांकडे धडे घेतले होते, आणि पुढे कानावर पडेल ते सगळं ते गळ्यात उतरवत गेले. 1918 ला त्यांची बलवंत संगीत मंडळी उभी राहिली. यावरून माझं म्हणणं असं, की तालीम म्हणजे साचा नव्हे. गुरू पाया घालून देतो, वरचं घर गायक आपल्या गळ्याच्या मापानं बांधतो.

हा पाया म्हणजे काय? मुख्यतः खर्ज. पहाटे खालच्या सप्तकात सावकाश, एकेक स्वर धरून बसणं. हे ऐकायला भाबडं वाटतं, पण हिशोब करून पाहा. पुरुष पांढरी एकमध्ये गायला, तर त्याचा मधला सा साधारण 131 हर्ट्झचा. म्हणजे स्वरतंतू सेकंदाला 131 वेळा एकमेकांवर आदळतात. तार सा 262 चा, म्हणजे दुप्पट आदळआपट. सरासरी 200 धरली तर अर्ध्या तासाच्या गाण्यात तीन लाख साठ हजार वेळा. नाटकं तर रात्र-रात्र चालायची. 1880 च्या 'शाकुंतल'मध्ये दोनशेहून अधिक पदं होती, शिवाय वर वन्समोअर! खर्जात तंतू सैल असतात, कमी वेळा भेटतात, आणि गळा न आवळता श्वासावर स्वर टिकवायची सवय लागते. वरची पट्टी या खालच्या कामावर उभी राहते.

तुलनेसाठी जपानकडे बघा. तिथल्या पारंपरिक गायनात ऐन थंडीत, पहाटे, उघड्यावर मोठ्यानं गाऊन आवाज पक्का करायची जुनी चाल आहे. गळा बसला तरी गात राहायचं, आणि त्यातून जो राकट आवाज तयार होतो तोच खरा मानायचा. आपल्या खर्जाच्या अगदी उलट रस्ता. आणि आजचे जपानी रॉक गायक घ्या, समजा 1982 पासूनच्या एक्स जपानचा टोशी. त्याचा आवाजही भयंकर उंच जातो, पण त्याच्यापुढे माईक आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं काम यंत्राचं. गायकाचा जोर आवाजाचा पोत बदलायला, तो फाडायला, खरखरीत करायला मोकळा राहतो. केशवरावांना हीच चैन परवडणारी नव्हती. त्यांचा सगळा जोर आधी अंतर कापण्यात जायचा.

तिसरा मुद्दा लोक विसरतात: साथ. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते, आणि ऑर्गन होता. गायकानं स्वर सोडला की सारंगी आणि ऑर्गन तो हवेत धरून ठेवत. ऐकणाऱ्याला वाटतं गाणं अखंड चाललंय, आणि गायक मधल्यामधे श्वास घेऊन मोकळा. साथ हा निव्वळ शोभेचा भाग नव्हता, गळा वाचवायची ती एक युक्ती होती.

आता आपल्या भागात या. तुकडोजी महाराज, जन्म 1909, अमरावती जिल्ह्यातलं यावली. कंपनीची तालीम नाही, उस्तादाचा गंडा नाही. हातात खंजिरी आणि समोर उघड्या मैदानात बसलेला गाव. 1955 ला जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेतही ते खंजिरीवरच भजन गायले. या गायनाचं तंत्र नाटकापेक्षा अगदी वेगळं आहे. भजनात ओळ आखूड असते. म्होरक्या म्हणतो, मंडळ उचलून धरतं. म्हणजे जवळपास निम्मा वेळ म्होरक्याच्या गळ्याला विसावा. शिवाय शब्द कळणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून स्वर बोलण्याच्या पट्टीजवळ. सारंगीचं काम इथं कोरस करतो.

आणि इथंच मला तुमच्याशी बोलायचंय. केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात, सप्ताहात, गणपतीत आज काय दिसतं? पट्टी काळी तीनला लावलेली, कारण कुठल्यातरी गाजलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तशी ऐकली. पांढरी एकवरून काळी तीनला गेलं की स्वरतंतूंची आदळआपट सुमारे 41 टक्क्यांनी वाढते. त्यात ढोलकीवाल्यापुढे वेगळा माईक, म्होरक्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो आणखी ताणतो. कोरस हळूहळू गायब, कारण रेकॉर्डिंगमध्ये एकटाच गायक असतो. पंचविशीतली पोरं चौथ्या माळेला घोगरी होतात आणि वर म्हणतात, "आमच्यात जुन्या लोकांसारखा दम राह्यला नाही."

दमाचा प्रश्न नाहीये. जुन्या लोकांच्या उंच पट्टीची आपण नक्कल केली, पण ती पट्टी ज्यांवर उभी होती त्या तीन गोष्टी मागं सोडल्या: खर्ज, विसावा देणारी साथ आणि आपल्या गळ्याचं माप. वझेबुवांच्या दोन शिष्यांनीसुद्धा एकमेकांची नक्कल केली नाही, मग आपण तबकडीची का करावी? तीही कदाचित वेग चुकलेली!

तेव्हा करून पाहण्यासारखं एवढंच: पट्टी दोन सुरांनी खाली घ्या, कोरस परत आणा, म्होरक्याला त्याचा आवाज ऐकू येईल असा एक स्पीकर त्याच्याकडे वळवा, आणि नवरात्राच्या महिनाभर आधीपासून पहाटे वीस मिनिटं खर्ज लावा. आवाज दोन-तीन आठवडे घोगराच राहिला, तर मात्र घरगुती काढे बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या लेखात स्त्रियांचा आवाज रंगमंचावर आल्यावर काय बदललं ते बघू. तोवर तुमच्या गावच्या मंडळात पट्टी कोण ठरवतं, आणि कशावरून, हे मला नक्की कळवा. माझ्या वहीत त्याची जागा अजून रिकामी आहे.