जुने गोवे आणि आपली शेंगाचटणी

मंडळी, सुट्टीत मुलाबाळांना जुने गोवे अवश्य दाखवा. १५१० साली पोर्तुगीजांनी जिंकलेले हे शहर युरोपातलेच वाटते. १६०५ साली पुरे झालेले बॉम जेझूचे चर्च पाहा, बेबिंका चाखा. पण धर्मच्छळाच्या भयाने कुठ्ठाळीच्या भक्तांनी १५६० साली आपला मंगेश नदीपार प्रियोळला हलवला, हेही मुलांना सांगा.

आता आपले ताट बघा. मिरची अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांच्याच गलबतांतून इकडे आली. त्याआधी तिखटाला मिरी असे. भुईमूगही मूळचा अमेरिकेचाच. म्हणजे सोलापूरची शेंगाचटणी शिवरायांच्या पणजोबांनी चाखली नसेल, बरं का!

गोव्यातली ती सत्ता १९६१ साली संपली. मिरची मात्र आपलीच झाली. गुरुजींनो, इतिहास शिकवताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.