मध्यम लांबीच्या रिव्हॉल्व्हरची तुलना कशी करतात?

साधारण ४ ते ६ इंच नळीचे रिव्हॉल्व्हर मध्यम लांबीचे मानले जाते. नेम धरताना नळीच्या टोकावरची आणि मागची खूण एका रेषेत आणावी लागते. या दोन खुणांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असेल आणि रेषा १ मिलिमीटरने चुकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे १६.७ सेंटिमीटर भरकटते. तेच अंतर २० सेंटिमीटर असेल, तर चूक १२.५ सेंटिमीटरवर येते. त्यामुळे सावकाश नेमात लांब नळी उजवी ठरते. मात्र ती पुढून जड असल्याने झटकन उचलून स्थिर करणे अवघड जाऊ शकते.

हा फरक वेळेच्या सरावात उघड होतो. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत नियमांत बसणारे रिव्हॉल्व्हरही चालते. नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नसावी. पहिल्या टप्प्यात ५ गोळ्यांना ५ मिनिटे मिळतात. दुसऱ्यात लक्ष्य फक्त ३ सेकंद समोर येते आणि तेवढ्यात खाली असलेला हात उचलून एक गोळी झाडायची असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, त्या महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातही हेच दोन टप्पे असतात.

तुलनेसाठी नेमबाज आणि काडतुसे तीच ठेवून शस्त्रांचा क्रम आलटूनपालटून बदलतात. नाहीतर हाताचा थकवा शस्त्राचा दोष ठरतो. दोन्ही टप्प्यांच्या गुणांत ज्या रिव्हॉल्व्हरची घसरण कमी, ते त्या हाताला अधिक जुळणारे.