व्हेरिकोड
हौशी रेडिओ संदेशवहनात मजकूर कमीत कमी द्विमान अंकांत पाठविण्याची संकेतपद्धती. ब्रिटिश हौशी रेडिओतज्ज्ञ पीटर मार्टिनेझ यांनी ती पीएसके-३१ या प्रेषणप्रकारासाठी रचली. तो १९९८ मध्ये प्रचारात आला. त्याचा वेग सेकंदास अवघे ३१·२५ अंक असल्याने काटकसर आवश्यक होती. मॉर्स संकेताप्रमाणे येथेही वारंवार येणाऱ्या अक्षरांना आखूड संकेत आहेत : शब्दांमधील मोकळ्या जागेस १, इंग्रजी लहान ‘ई’स ११, तर मोठ्या ‘ई’स १११०१११. कोणत्याही संकेतात लागोपाठ दोन शून्ये येत नाहीत. दोन संकेतांमध्ये मात्र ती असतातच. त्यामुळे गोंगाटाने एखादा अंक बिघडला, तरी पुढील ‘००’ पासून ग्राही पुन्हा जुळतो व चूक एकदोन अक्षरांपुरतीच राहते. रचना इंग्रजीतील वारंवारतेवर आधारलेली असल्याने इतर भाषांना तिचा लाभ कमी मिळतो.