उतार मिळेल का?

इ.स. १३४७ मध्ये बहमनी राज्याची गादी गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस आली. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने ती बिदरला नेली आणि या मुलखातल्या वाटा बिदरकडे वळल्या.

दामाजीपंतांची कथा आपल्या घराघरांत सांगतात. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे लोकांना खुली केली. त्या धान्याचे पैसे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारी भरले, अशी परंपरा आहे. मंगळवेढे भीमेच्या दक्षिणेस, बिदर उत्तरेस. वाटेत भीमा ओलांडणे आलेच. कुठे उतार आहे हे देवाला आधीच ठाऊक. माणसाला मात्र पावसाळ्यात काठावर गेल्यावरच कळते.

१९५६ साली डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने सर्वांत जवळची वाट काढण्याची रीत शोधली. १९५९ साली ती छापली गेली. पण ती रीत सगळे रस्ते खुले आहेत असे धरून चालते. रस्ता बंद असल्याचे तिथे पोहोचल्यावरच कळत असेल तर? हा प्रश्न १९८९ मध्ये पापादिमित्रिऊ आणि यानाकाकिस यांनी मांडला. बर्फाने रस्ते अडतात म्हणून त्याला ‘कॅनडाच्या प्रवाशाचा प्रश्न’ म्हणतात. आम्ही त्याला भीमाकाठच्या प्रवाशाचा प्रश्न म्हटले असते.

समजा, पैलतीरावरच्या गावाला दोन उतारांनी जाता येते आणि दोन्ही वाटा बारा कोसांच्या आहेत. पहिल्या उताराला पाणी चढलेले दिसले, तर बारा कोस परत या आणि पुन्हा बारा कोस चाला. जाणत्याचे बारा कोस, आपले छत्तीस! असे वीस उतार संशयाचे असतील, तर खुल्या-बंदच्या शक्यता दहा लाखांवर जातात. प्रत्येक ठिकाणी काय दिसले त्यावर पुढचे पाऊल ठरते. म्हणून सर्वांत चांगला बेत हमखास आणि झटपट काढून देणारी रीत आजवर संगणकालाही सापडलेली नाही.

ऑक्टोबर २०२० च्या महापुरात भीमेवरचे पूल पाण्याखाली गेले, तेव्हा कलबुर्गी जिल्ह्याने हेच अनुभवले. आपले वाडवडील समोरून येणाऱ्याला थांबवून “पाणी किती आहे?” असे विचारीत. एवढ्या एका उत्तराने लाखो शक्यता गळून पडत. म्हणून आम्हांस वाटते, ‘पूल बंद’ ही पाटी पुलाजवळ नको, फाट्यावर हवी. गाणगापूरला निघालेल्या म्हाताऱ्या वाटसरूची चोवीस कोसांची पायपीट तेवढ्याने वाचेल.